दुकानाचा फोन आणि बिलातले युनिट: वाचकांचे प्रश्न

बीएसएनएल आणि एमटीएनएल या सरकारी कंपन्यांच्या लाइन वापरणाऱ्या दुकानदारांचे, कारखानदारांचे बरेच प्रश्न आले आहेत. एकाच प्रकारचे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न: आमचे आडत दुकान आहे. जुनी तारेची एक लँडलाइन आहे. दिवसाला चाळीसेक फोन बाहेर जातात, बहुतेक मिनिट-सव्वा मिनिटाचे. भाव सांगितला, गाडी निघाली का विचारले, की संपले. तरी महिन्याच्या बिलात दीड हजारावर युनिट लागतात. एवढे कशाचे? (लातूर)

युनिट म्हणजे कॉल नव्हे आणि मिनिटही नव्हे. युनिट म्हणजे पल्स. लँडलाइनवरून लँडलाइनला केलेल्या स्थानिक कॉलची पल्स बहुतेक जुन्या प्लॅनमध्ये १८० सेकंदांची असते, मोबाइलला केलेल्या कॉलची साधारण ६० सेकंदांची. पल्स सुरू झाली की पूर्ण धरली जाते. म्हणजे मोबाइलवर ६१ सेकंद बोललात तर दोन युनिट, १२१ सेकंद बोललात तर तीन. तुमचे फोन ‘सव्वा मिनिटाचे’ आहेत, आणि गोम नेमकी तिथेच आहे. मोबाइलसाठी सव्वा मिनिट ही महाग पडणारी लांबी. पंधरा सेकंदांच्या जादा बोलण्याला पूर्ण मिनिटाचे पैसे पडतात.

तुमच्या चाळीस फोनांचा हिशेब मांडू. त्यातले २४ मोबाइलला आणि १६ लँडलाइनला जातात असे धरा. मोबाइलचे प्रत्येकी ८० सेकंदांचे, म्हणजे दोन युनिटप्रमाणे ४८. लँडलाइनचे तीन मिनिटांच्या आतले, म्हणजे १६. दिवसाचे ६४ युनिट, २६ दिवसांचे १,६६४. प्लॅनमध्ये १५० युनिट मोफत असतील तर उरले १,५१४. युनिटला १ रुपया २० पैसे दर धरला तर १,८१६ रुपये ८० पैसे. त्यावर महिन्याचे भाडे, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी.

आता तेच २४ फोन साठ सेकंदांच्या आत आटोपले तर? दिवसाचे ४० युनिट, महिन्याचे १,०४०, मोफत वजा जाता ८९०, म्हणजे १,०६८ रुपये. करासह सुमारे ८८४ रुपयांचा फरक पडतो, आणि फोन एकही कमी झालेला नाही. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या प्लॅनचा दर, मोफत युनिट आणि पल्स बिलावरच्या प्लॅनच्या नावावरून ग्राहक सेवा केंद्रात विचारून घ्या आणि हाच हिशेब तुमच्या आकड्यांनी करा.

पण आडतीच्या धंद्यात माणसाने घड्याळाकडे बघत बोलावे, असा सल्ला आम्ही देणार नाही. भाव ऐकताना घाई झाली आणि क्विंटलमागे पाच रुपयांची चूक झाली तर सगळी बचत एका फोनात जाते. त्यापेक्षा प्लॅन बदला. अमर्याद कॉलच्या प्लॅनचे भाडे तुमच्या सध्याच्या भाड्यापेक्षा किती जास्त आहे ते बघा आणि त्या फरकाला युनिटच्या दराने भागा. फरक ३०० रुपयांचा असेल तर ३०० भागिले १.२० म्हणजे २५० युनिट. मोफत युनिट संपल्यावर महिन्याला २५०पेक्षा जास्त युनिट लागत असतील तर अमर्याद प्लॅनच स्वस्त. तुमचे १,५१४ लागत आहेत, तेव्हा विचार करायला जागाच नाही. मात्र निर्णय एका महिन्याच्या बिलावर घेऊ नका. लागोपाठ तीन बिले घ्या, आणि त्यातले एक हंगामातले असू द्या.

अमर्याद म्हणजे सगळेच मोफत नव्हे. परदेशी कॉल आणि १८६०ने सुरू होणारे क्रमांक सहसा त्यात धरलेले नसतात. बँकेच्या किंवा वाहतूक कंपनीच्या १८६० क्रमांकावर ‘कृपया प्रतीक्षा करा’ ऐकत दहा मिनिटे थांबलात, तर ती दहा मिनिटे मोजली जातात. समोर नुसती रिंग वाजते तोवर आकारणी नसते, पण यंत्राने फोन उचलून संगीत सुरू केले की तो उचललेला फोन होतो.

फायबरवर जायचे ठरवले तर एक गोष्ट आधी बघा. फायबरच्या बहुतेक प्लॅनमध्ये देशभर कॉल अमर्याद असतात, पण जुन्या लँडलाइनला वीज एक्स्चेंजकडून तारेतूनच मिळत होती. फायबरचे यंत्र तुमच्या दुकानातल्या विजेवर चालते. भारनियमनात फोन बंद पडू नये म्हणून त्या यंत्राच्या अडॅप्टरचा व्होल्टेज बघून (बहुधा १२ व्होल्ट) छोटा यूपीएस बसवा. दुकानात चोरीचा अलार्म जुन्या लाइनवरून फोन लावत असेल तर तोही नव्या जोडणीवर चालवून बघा, आणि मगच जुनी लाइन बंद करण्याचा अर्ज द्या.

प्रश्न: वडिलांच्या कापडदुकानाची १९९०च्या दशकातली फोन बिले सापडली. त्यात कोणाला फोन केला याचा उल्लेखच नाही, फक्त आधीचे रीडिंग, नंतरचे रीडिंग आणि वजाबाकी. हे कसे तपासत असत? (सावंतवाडी)

घरबसल्या तपासता येतच नसे. एक्स्चेंजमध्ये प्रत्येक क्रमांकासाठी एक गणक असायचा. स्थानिक फोन उचलला गेला की तो एकाने पुढे सरके. एसटीडी, म्हणजे दुसऱ्या गावाचा थेट फोन, असेल तर बोलणे चालू असतानाच गणक सरकत राही, आणि अंतर जितके लांब तितका तो वेगाने पळे. म्हणजे सावंतवाडीहून कोल्हापूरला बोलताना जे पाच ‘कॉल’ पडायचे ते मुंबईला तेवढ्याच वेळात कितीतरी अधिक पडत. दोन रीडिंगमधला फरक म्हणजे बिल. आजचे ‘युनिट’ हे त्याच गणकाचे एक घर आहे.

एसटीडी बूथमधल्या लाल आकड्यांच्या मीटरलाही एक्स्चेंजकडून तारेवर येणारी खूणच चालवत असे, म्हणून तिथे निदान गिऱ्हाईकाला आकडा डोळ्यांसमोर दिसायचा. रात्री ११ नंतर दर चतुर्थांश व्हायचा. वडिलांच्या दुकानातून मुंबईच्या पेढीला फोन उशिरा होत असतील तर कारण हे. १ जुलै १९९४पासूनच्या बिलांत ५ टक्के सेवाकर दिसेल. टेलिफोन ही सेवाकर लागलेल्या पहिल्या तीन सेवांपैकी एक होती.

अंतराचा हा हिशेब सरकारी कंपन्यांनी १ मार्च २००६पासून ‘वन इंडिया’ प्लॅनने मोडला, देशभर मिनिटाला एक रुपया. पुढे १ मार्च २०१५पासून लँडलाइनच्या कॉलवर एका कंपनीने दुसरीला द्यायचे जोडणी शुल्क ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, शून्य केले, आणि दोनच महिन्यांत, १ मे २०१५ला, बीएसएनएलने रात्रीचे कॉल कोणत्याही कंपनीच्या फोनवर मोफत केले. आजचे अमर्याद प्लॅन परवडतात ते त्या शून्यामुळे. बिले जपून ठेवा, दर आणि कर कसे बदलत गेले त्याची ती नोंदच आहे.

प्रश्न: आमचा छोटा फाउंड्री व्यवसाय आहे. ईपीएबीएक्सला (कारखान्यातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारे यंत्र) सरकारी कंपनीची पीआरआय लाइन (एकाच जोडणीवर अनेक कॉल नेणारी) जोडलेली आहे. शनिवारी संध्याकाळी कारखाना बंद केला. महिनाअखेरीस आलेल्या बिलात त्या रात्री आणि रविवारी परदेशांत केलेले शेकडो मिनिटांचे कॉल आहेत. कंपनी म्हणते, कॉल तुमच्याच लाइनवरून गेले. कारखान्यात तर कुलूप होते. (शिरोली, कोल्हापूर)

दोघांचेही म्हणणे खरे असू शकते. कॉल तुमच्याच लाइनवरून गेले, पण ते करणारा कारखान्यात नव्हता. सगळ्या प्रश्नांत हाच जास्त नुकसानीचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

काही परदेशी क्रमांक असे असतात की त्यांवर आलेल्या प्रत्येक मिनिटामागे क्रमांकाच्या मालकाला वाटा मिळतो. चोर असे क्रमांक घेतो आणि दुसऱ्याच्या ईपीएबीएक्समधून त्यांवर फोन लावतो. वेळ निवडतो ती शनिवार रात्रीची, कारण सोमवार सकाळपर्यंत कोणी बघणार नसते. पीआरआयवर एकाच वेळी ३० कॉल जाऊ शकतात. तीसही मार्ग तासभर चालले तर १,८०० मिनिटे होतात. मिनिटाला २० रुपये दर धरला तरी तासाला ३६,००० रुपये.

शिरायच्या मुख्य वाटा चार. पहिली डिसा. बाहेरून फोन करून, कोड दाबून, ऑफिसच्या लाइनवरून पुढे फोन लावण्याची ही सोय. मालक फिरतीवर असताना उपयोगी म्हणून कधीतरी सुरू केलेली असते, आणि कोड १२३४ असतो. दुसरी व्हॉइसमेल. त्यातून बाहेर फोन लावायची मुभा असते आणि पासवर्ड यंत्र बनवणाऱ्या कंपनीने घातलेला तोच राहिलेला असतो. तिसरी, एखाद्या एक्स्टेन्शनवर, म्हणजे आतल्या फोनवर, लावलेले बाहेरच्या क्रमांकाचे कॉल फॉरवर्ड. चौथी, आणि आता सर्वांत जास्त दिसणारी, आयपी फोनची, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनची. ईपीएबीएक्स इंटरनेटला जोडलेला, ५०६० क्रमांकाचे पोर्ट (इंटरनेटवरून आत यायचे दार) जगाला उघडे, आणि एक्स्टेन्शन २०१चा पासवर्डही २०१. असे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर दिवसरात्र चालू असतात.

तुमच्याकडे काय झाले ते कळण्यासाठी ईपीएबीएक्समधला एसएमडीआर, म्हणजे कॉलची नोंद, काढा. बिलात फक्त कोणत्या क्रमांकाला फोन गेला ते दिसते. तो कुठल्या एक्स्टेन्शनवरून गेला ते एसएमडीआरमध्ये दिसते. बिलातल्या एखाद्या परदेशी कॉलच्या वेळेची ओळ त्यात शोधा. एक्स्टेन्शनच्या रकान्यात व्हॉइसमेलचा क्रमांक असेल तर वाट तीच. तिथे एखाद्या टेबलाचा क्रमांक असून ते टेबल बंद खोलीत असेल, तर आयपी फोन किंवा फॉरवर्ड तपासा. आधी ‘बाहेरून आत’ आणि तो चालू असतानाच थोड्या सेकंदांनी ‘आतून बाहेर’ असे दोन कॉल जोडीने दिसत असतील तर डिसा. ही नोंद बऱ्याच यंत्रांत ठरावीक संख्येनंतर पुसली जाऊन नवी चढते, म्हणून आजच काढून घ्या, मिस्त्री येईपर्यंत थांबू नका.

त्यानंतर डिसा बंद करा, व्हॉइसमेलमधून बाहेर जाण्याची मुभा काढा, सगळे पासवर्ड बदला, अगदी प्रोग्रॅमिंगचासुद्धा. ५०६० पोर्ट राउटरवर बंद करा, बाहेरून वापर हवाच असेल तर व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या सुरक्षित खासगी जोडणीने, द्या. आणि कंपनीला लेखी अर्ज देऊन आयएसडी, म्हणजे परदेशी कॉलची सोय, एक्स्चेंजमध्येच बंद करून घ्या. हा शेवटचा उपाय सर्वांत भक्कम आहे, कारण तुमच्या यंत्रात कोणीही शिरला तरी एक्स्चेंजमधली बंदी तो उठवू शकत नाही. वर्षाला चार परदेशी फोन करायचे असतील तर एका वेगळ्या मोबाइलवर करा.

ईपीएबीएक्समध्ये बंदी घालताना एक ठेच हमखास लागते. १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी ० लावावा लागतो. त्याआधी बऱ्याच ऑफिसांत ‘० ने सुरू होणारे सगळे बंद’ अशी एसटीडीबंदी होती. ती तशीच ठेवली तर मोबाइलही लागत नाही. मग कोणीतरी वैतागून बंदीच काढून टाकतो, आणि त्याबरोबर ०० म्हणजे आयएसडीही उघडे पडते. आकड्यांच्या संख्येवरून एसटीडी आणि मोबाइल वेगळे काढता येत नाहीत, कारण शून्यासह दोन्ही ११ आकडी. ०७ उघडले तर मोबाइलबरोबर नागपूरचा ०७१२ही उघडतो. दोघांच्या दरात आता फारसा फरक उरलेला नाही, तेव्हा तो नाद सोडा. ० मोकळे ठेवा, ०० बंद करा. मात्र ही बंदी लाइन घेतल्यानंतर दाबलेल्या आकड्यांवर घाला. बाहेरची लाइन घेण्यासाठीही तुमच्याकडे ० दाबत असतील तर मोबाइलला एकूण दोन शून्ये दाबली जातात, आणि चुकीच्या जागी घातलेली बंदी नेमका तोच फोन अडवते.

पैशांचे काय? कॉल ग्राहकाच्या यंत्रातून गेले तर जबाबदारी ग्राहकाची, असेच कंपन्या सहसा धरतात, आणि हे तुम्हाला स्पष्ट सांगणे आमचे काम आहे. तरी हातावर हात ठेवून बसू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि पोलिसांत तक्रार द्या. एसएमडीआर व तक्रारीची प्रत जोडून बिलाच्या त्या भागावर लेखी हरकत घ्या. तुमच्या नेहमीच्या वापराची मागची सहा बिले जोडा, म्हणजे वापर एकदम वाढलेला एका नजरेत दिसेल. उरलेली रक्कम मुदतीत भरा, नाहीतर लाइन तुटेल आणि मूळ वाद बाजूला पडेल.

प्रश्न: फोन अजून कै. वडिलांच्या नावावर आहे, बिल फर्म भरते. जीएसटीचा परतावा मिळेल का? शिवाय पणजीला आमचे एक छोटे ऑफिस आहे, तिथल्या लँडलाइनला पुण्याचा जीएसटी क्रमांक लावला तर चालेल का? (पुणे)

परतावा नव्हे, इनपुट क्रेडिट, म्हणजे बिलावर भरलेला कर तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा करणे. आणि सध्याच्या स्थितीत ते मिळणार नाही. बिल फर्मच्या नावाने हवे, त्यावर फर्मचा जीएसटी क्रमांक हवा, आणि ते तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत, दिसायला हवे. नाव बदलण्यासाठी थकबाकी शून्य करा. मग मृत्यूचा दाखला, इतर वारसांचे ना-हरकत पत्र, फर्मचे जीएसटी प्रमाणपत्र, भागीदारी पत्र आणि सही करणाऱ्याची ओळखपत्रे घेऊन ग्राहक सेवा केंद्रात अर्ज द्या. नाव बदलणे आणि जीएसटी क्रमांक नोंदवणे ही दोन कामे आहेत. पहिले झाले की दुसरे आपोआप होईल असे समजू नका, पुढच्या बिलावर क्रमांक छापला गेला का ते बघा.

पणजीचे मात्र वेगळे. लँडलाइनच्या बाबतीत सेवा पुरवल्याचे ठिकाण म्हणजे लाइन जिथे बसवली आहे ते ठिकाण. त्यामुळे पणजीच्या बिलावर केंद्राचा ९ टक्के आणि गोव्याचा ९ टक्के कर लागतो, आणि तो पुण्याच्या नोंदणीत वापरता येत नाही. गोव्यात तुमची नोंदणी असेल तर तिथला क्रमांक द्या आणि क्रेडिट तिथेच घ्या. नसेल तर तो कर खर्चातच धरा. केवळ फोनच्या करासाठी गोव्यात नोंदणी घेणे म्हणजे कोंबडीपेक्षा मसाला महाग.

कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची योजना) असाल तर क्रेडिटचा प्रश्नच नाही. इतरांनी दोन मुदती लक्षात ठेवा. बिल १८० दिवसांत भरले नाही तर घेतलेले क्रेडिट परत करावे लागते, आणि एका आर्थिक वर्षाचे राहिलेले क्रेडिट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यांतले जे आधी येईल तोवरच घेता येते.

प्रश्न: ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकान आहे. शेतकऱ्यांसाठी १८०० घ्यावा की १८६०? त्याच क्रमांकावरून ऑफरचे फोनही करायचे आहेत. (सांगोला)

१८०० वर फोन करणाऱ्याला पैसे पडत नाहीत, सगळा आकार तुमच्यावर. १८६० वर फोन करणारा स्थानिक कॉलचे पैसे देतो, वरचा भाग तुम्ही. शेतकऱ्याच्या मोबाइलवर अमर्याद पॅक असले तरी १८६०चा कॉल त्यात बसेलच असे नाही, शिल्लक कापली गेली की तो पुन्हा फोन करणार नाही. आणि खरे सांगायचे तर एका दुकानाला दोन्हींची गरज नाही. साधा दहा आकडी क्रमांक अमर्याद पॅकमधून फुकटच लागतो. पाच-सहा शाखा झाल्या, एकच क्रमांक सगळीकडे छापायचा झाला, की १८०० घ्या.

ऑफरचे फोन साध्या क्रमांकावरून अजिबात करू नका. जाहिरातीच्या कॉलसाठी नोंदणी करून १४०ने सुरू होणारा क्रमांकच वापरावा लागतो. १३ ऑगस्ट २०२४च्या ट्रायच्या आदेशानंतर नोंदणीशिवाय असे फोन करणाऱ्याच्या सगळ्या लाइन तोडून त्याला दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकता येते. म्हणजे गिऱ्हाइकाचा येणारा फोनही बंद.

प्रश्न: बिलावर हरकत घेतली, तोंडी ‘बघतो’ म्हणतात. पुढे काय? (जळगाव)

तोंडी तक्रारीला अर्थ नाही. तक्रार केंद्रातून डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, घ्या आणि तारखेसह लिहून ठेवा. त्या तक्रारीचे समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करा. अपिलाला पैसे लागत नाहीत आणि ते ३९ दिवसांत निकाली काढायचे असते.

ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक मंचात जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ला स्पष्ट केले. मात्र व्यावसायिक कारणासाठी घेतलेली सेवा कायद्यातल्या ‘ग्राहक’ या व्याख्येत बसत नाही. स्वतः गल्ल्यावर बसून पोट भरणाऱ्या दुकानदाराला यातून सूट आहे, तेव्हा तक्रारीत ‘स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी’ हे खरे असेल तर ठळक लिहा.

कंपनी सरकारी असल्याचा एक फायदा खासगी कंपनीच्या ग्राहकाला मिळत नाही, तो म्हणजे माहितीचा अधिकार. १० रुपयांचे शुल्क भरून अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर यायला हवे. ‘माझे बिल चुकीचे का?’ असे विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. असे लिहा: माझ्या अमुक क्रमांकाच्या अमुक महिन्याच्या बिलातील प्रत्येक आकारलेल्या कॉलची तारीख, वेळ, सेकंद व युनिट दाखवणारी नोंद, त्या तारखेला लागू असलेल्या प्लॅनचे दरपत्रक, आणि माझ्या अमुक डॉकेट क्रमांकाच्या तक्रारीवर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी.